प्लाझ्मातलं सूक्ष्म फ्लोराइड: स्पेक्ट्रोमीटरवर विश्वासार्ह आकडा कसा मिळवायचा?

प्रयोगवही (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

मानवी प्लाझ्मातलं (रक्तपेशी काढल्यावर उरणाऱ्या द्रवातलं) फ्लोराइड मोजायचं आहे. साठ नमुने आहेत, प्रत्येकी साधारण दीड मि.लि. प्लाझ्मा. अपेक्षित पातळी ०.०१ ते ०.१ मि.ग्रॅ./लि. हाताशी असलेली साधनं: यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर, एकाच क्वाड्रुपोलचं (वस्तुमान गाळणारा एकच टप्पा असलेलं) आयसीपी-एमएस, म्हणजे अर्गॉनच्या ज्योतीत आयन करून वस्तुमानाने मोजणारं यंत्र, हाय-रिझोल्यूशन कंटिन्युअम सोर्स असलेला ग्राफाइट फर्नेस (नमुना तापवून त्याचं प्रकाशशोषण बारकाईने पाहणारं यंत्र) आणि पाण्याच्या तपासणीत वापरतात तो फ्लोराइड इलेक्ट्रोड.

आतापर्यंतची स्थिती अशी. १ मि.लि. प्लाझ्मा, १ मि.लि. १० टक्के ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिड, सेंट्रीफ्यूज, वरचं निवळ द्रावण घेऊन विरलन एकूण दहापट केलं, झिर्कोनियम-स्पॅड्न्स हे रंगद्रव्य घालून ५७० नॅनोमीटरला वाचन घेतलं. विरलनाचा हिशेब करून चाचणीला घेतलेले सगळे नमुने ०.५ ते ०.८ मि.ग्रॅ./लि. मध्ये येतात. ०.५ मि.ग्रॅ./लि. फ्लोराइड मुद्दाम घालून पाहिलं तर ९६ टक्के परत मिळतं, म्हणजे पद्धत बरोबर वाटते. पण आकडा अपेक्षेच्या वीस-तीसपट आहे.

आयसीपी-एमएसवर वस्तुमान १९ ला पार्श्वभूमीच इतकी प्रचंड आहे की १ मि.ग्रॅ./लि. चं स्टँडर्ड आणि शुद्ध पाणी यांत फरक दिसत नाही. इलेक्ट्रोड थेट प्लाझ्मात बुडवला तर अर्धा तास झाला तरी मिलिव्होल्ट स्थिर होत नाहीत.

तीन प्रश्न आहेत. स्पॅड्न्सचा आकडा खोटा असेल तर परतावा ९६ टक्के कसा? आयसीपी-एमएसवर काही मार्ग आहे का? आणि साठातले बारा नमुने राखी टोपणाच्या ट्यूबमध्ये आले आहेत, ते चालतील का?

---

रंगमापी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच आकड्यात आहे. तुम्ही मोजताय ते फ्लोराइड नाही, फॉस्फेट आहे.

स्पॅड्न्समध्ये फ्लोराइड झिर्कोनियमला रंगद्रव्यापासून तोडतो आणि रंग फिका होतो. झिर्कोनियमला पकडणारा दुसरा कोणीही हेच करतो, आणि फॉस्फेट त्यात पुढे आहे. पाण्याच्या प्रमाणित पद्धतीत दिलेला आकडा असा की १६ मि.ग्रॅ./लि. फॉस्फेट असेल तर वाचन ०.१ मि.ग्रॅ./लि. ने खोटं वाढतं. प्लाझ्मात अजैविक फॉस्फरस डेसिलिटरला २.५ ते ४.५ मि.ग्रॅ. असतो. फॉस्फेटच्या हिशेबात ते साधारण ७७ ते १३८ मि.ग्रॅ./लि. झालं. आता त्रैराशिक मांडा: ०.४८ ते ०.८६ मि.ग्रॅ./लि. खोटं फ्लोराइड. तुमची ०.५ ते ०.८ ची पट्टी जवळपास तशीच्या तशी मिळाली. त्रैराशिक इतकं काटेकोर लागू पडेलच असं नाही, पण दोष कुठे आहे ते यावरून कळतं. क्लोराइड आणि सल्फेट यांचा थोडा हात आहेच, पण मुख्य वाटा फॉस्फेटचा.

खात्री करायची असेल तर फ्लोराइड अजिबात नसलेलं, पण प्लाझ्माइतकंच फॉस्फेट असलेलं द्रावण बनवा आणि त्याच पद्धतीने चालवा. तेही अर्ध्याहून जास्त दाखवेल.

परताव्याबद्दल: ९६ टक्क्यांवर विसंबू नका. घातलेल्या फ्लोराइडला यंत्र किती प्रतिसाद देतं, एवढंच परतावा सांगतो. म्हणजे कॅलिब्रेशनचा उतार नमुन्यात टिकतो की नाही, हे त्यातून कळतं. प्रत्येक वाचनात ठरावीक भर पडत असेल, तर ती मूळ नमुन्यात आणि भर घातलेल्या नमुन्यात सारखीच असते आणि वजाबाकीत निघून जाते. स्टँडर्ड ॲडिशन (नमुन्यातच ज्ञात भर घालून मोजण्याच्या) पद्धतीलाही हीच मर्यादा आहे. शिवाय भर कितीची घातली हेही पाहा. ०.०२ शोधताना ०.५ घातलं तर ती पंचवीसपट झाली, त्यातून खालच्या टोकाबद्दल काहीच कळत नाही. भर अपेक्षित पातळीच्या एक ते दोनपट असावी.

ॲलिझारिन कॉम्प्लेक्सोन आणि लँथॅनमचा निळा रंग, ६२० नॅनोमीटर, हा यूव्ही-व्हिजिबलवरचा त्यापेक्षा चांगला पर्याय आहे, कारण तिथे रंग उडत नाही, तयार होतो. पण तोही थेट प्लाझ्मात नको. आणि संवेदनशीलतेचा हिशेब आधी करा: मोलर शोषकता साधारण १०,००० धरली, २० नॅनोग्रॅम फ्लोराइड अर्ध्या मि.लि. मध्ये असेल, तर ते सुमारे २.१ मायक्रोमोल/लि. होतं आणि १ सें.मी. क्युव्हेटमध्ये शोषण ०.०२ च्या आसपास. यावर अहवाल देता येत नाही. पातळी खूप वाढलेली असेल तरच हा रंग उपयोगाचा.

---

शून्यवाचन

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात वेळ घालवू नये. राखी टोपणाचे बारा नमुने बाजूला काढा. त्या ट्यूबमध्ये ग्लुकोज टिकवण्यासाठी सोडियम फ्लोराइडच घातलेलं असतं, मि.लि.ला साधारण २.५ मि.ग्रॅ. त्यातलं फ्लोराइड १.१३ मि.ग्रॅ. म्हणजे लिटरला सुमारे ११३० मि.ग्रॅ. तुम्ही शोधताय ०.०२. पन्नास हजारपटींहून जास्त. कुठल्याही वजाबाकीने ते नमुने वाचत नाहीत.

बाकीच्या अठ्ठेचाळीस नमुन्यांबद्दलही एक गोष्ट विचारून घ्या: त्याच टोचणीत राखी ट्यूब हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) ट्यूबआधी भरली होती का? राखी ट्यूबमधलं १ मायक्रोलिटर रक्त जरी सुईवाटे पुढच्या ४ मि.लि. ट्यूबमध्ये गेलं, तरी त्यात ०.२८ मि.ग्रॅ./लि. भर पडते. राखी ट्यूब नेहमी शेवटी, हा क्रम नेमका यासाठी पाळायचा. एखाददुसरा नमुना एकदम दहापट वर दिसला, की आजाराच्या आधी या कारणाचा विचार करा.

ट्यूब हेपॅरिनची घ्या. प्लाझ्मा लवकर वेगळा करा. लाल पेशींत फ्लोराइडचं प्रमाण प्लाझ्माच्या साधारण निम्मं असतं, त्यामुळे पेशी फुटल्या की प्लाझ्मातला आकडा खाली येतो. याच कारणाने संपूर्ण रक्त आणि प्लाझ्मा यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये. साठवण पॉलिप्रॉपिलीनमध्ये, उणे २० अंशांवर. काच कुठेही नको, विशेषतः आम्ल आल्यावर. नमुना शक्यतो उपाशीपोटी घेतलेला असावा, कारण फ्लोराइड पोटात गेल्यावर प्लाझ्मातली पातळी २० ते ६० मिनिटांत शिखर गाठते.

आता मुख्य गोष्ट. तुमचे स्पॅड्न्स आणि इलेक्ट्रोडचे प्रयत्न एकाच कारणाने फसले आहेत: फ्लोराइड रक्तातून बाहेर न काढता मोजायला घेतलं. डिटेक्टर कोणता ही चर्चा नंतरची. प्लाझ्मात क्लोराइड लिटरला साडेतीन ग्रॅम, प्रथिनं सत्तर ग्रॅम, आणि फ्लोराइड वीस मायक्रोग्रॅम. या गर्दीत कुठलंही यंत्र नीट वाचणार नाही.

बाहेर काढायची खात्रीची रीत म्हणजे हेक्सामिथाइलडायसिलोक्सेनच्या साहाय्याने होणारं सूक्ष्म विसरण. १९६० च्या दशकात डोनाल्ड टेव्ह्ज यांनी ती बसवली. आम्लात फ्लोराइड आणि सिलोक्सेन मिळून ट्रायमिथाइलफ्लोरोसिलेन होतं. हा वायू साध्या तापमानाला उडतो, झाकणाला चिकटवलेल्या अल्कलीच्या थेंबात शिरतो, तिथे फुटतो आणि फ्लोराइड मोकळं होऊन थेंबात अडकतं.

एका डिशची कृती अशी:

६० मि.मी. ची प्लास्टिक पेट्री डिश घ्या. झाकणाला कडेजवळ गरम सुईने बारीक भोक पाडा. तळात १ मि.लि. प्लाझ्मा आणि २ मि.लि. शुद्ध पाणी. झाकणाच्या आतल्या बाजूला ०.०५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचे १० मायक्रोलिटरचे पाच थेंब, एकमेकांपासून दूर. कडेला व्हॅसलीनची अखंड रिंग लावून झाकण दाबून बसवा. भोकातून सिलोक्सेनने संपृक्त केलेलं ३ मोलर सल्फ्युरिक ॲसिड १ मि.लि. सोडा आणि लगेच भोक व्हॅसलीनने बुजवा. अगदी सावकाश फिरणाऱ्या शेकरवर रात्रभर, किमान सोळा तास, खोलीच्या तापमानाला ठेवा.

सकाळी झाकण उलटं करा. ०.२ मोलर ॲसिटिक ॲसिडचे २० मायक्रोलिटर घेऊन त्यानेच पाचही थेंब एकत्र करा आणि पिपेटमध्येच पाण्याने एकूण ७५ मायक्रोलिटर करा. अल्कली २.५ मायक्रोमोल आणि आम्ल ४ मायक्रोमोल असल्याने उरलेलं मिश्रण आपोआप ५ च्या आसपास पीएचचा ॲसिटेट बफर होतं.

याने दोन गोष्टी साधतात. प्रथिनं, फॉस्फेट, हिमोग्लोबिन तळात राहतात. आणि १ मि.लि. मधलं फ्लोराइड ७५ मायक्रोलिटरमध्ये आलं, म्हणजे तेरापटींहून जास्त घट्ट झालं. २० मायक्रोग्रॅम/लि. चा प्लाझ्मा तिथे २६७ मायक्रोग्रॅम/लि. दाखवतो.

स्टँडर्डही याच वाटेने गेले पाहिजेत. ११० अंशांना वाळवलेलं सोडियम फ्लोराइड २.२१० ग्रॅम एका लिटरमध्ये घातलं की १००० मि.ग्रॅ./लि. होतं, ते पॉलिथिलीनच्या बाटलीत ठेवा. त्यातून रोज ताजं १ मि.ग्रॅ./लि. करा. ५, १०, २०, ५० आणि १०० मायक्रोलिटर म्हणजे तितकेच नॅनोग्रॅम, प्रत्येकी ३ मि.लि. पाण्यात घालून प्लाझ्मासारखेच रात्रभर ठेवा. शिवाय दोन स्टँडर्ड विसरण न करता थेट थेंबातच घालून वाचा. दोहोंच्या गुणोत्तरावरून रात्रीत किती टक्के फ्लोराइड वर आलं ते कळतं. ९५ च्या खाली असेल तर त्या दिवसाचे आकडे देऊ नका.

एक धोक्याची सूचना. एचएमडीएस हे संक्षिप्त नाव दोन वेगळ्या रसायनांना वापरतात. आपल्याला हवं ते डायसिलोक्सेन, उत्कलनबिंदू साधारण १०० अंश. दुसरं डायसिलाझेन, १२६ अंशांच्या आसपास, अमोनियासारखा वास. ते आम्लात ओतलं तर जोरात प्रतिक्रिया होते. बाटलीवरचं पूर्ण नाव वाचल्याशिवाय उघडू नका. आम्लात फ्लोराइड म्हणजे हायड्रोफ्लोरिक ॲसिड, हेही लक्षात असू द्या. इथे ते नॅनोग्रॅममध्ये आहे, पण १००० मि.ग्रॅ./लि. चं स्टॉक आणि तीव्र आम्ल एकाच टेबलावर असतात, म्हणून हातमोजे, फ्यूम हूड आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचा जेल जवळ हवा.

---

प्लाझ्माज्योत

आयसीपी-एमएसबद्दल. फ्लोरिनची आयनीभवन ऊर्जा १७.४२ इलेक्ट्रॉनव्होल्ट, अर्गॉनची १५.७६. अर्गॉनच्या ज्योतीत फ्लोरिनचे धन आयन जवळपास होतच नाहीत. वर वस्तुमान १९ ला पाण्यापासून झालेला हायड्रोनियम आयन बसलेला असतो, तीच तुम्हाला दिसलेली पार्श्वभूमी. यंत्र कितीही ट्यून केलं तरी यातून सुटका नाही. ज्योतीच्या उत्सर्जनावरही आशा ठेवू नका, फ्लोरिनची मुख्य रेषा ९५ नॅनोमीटरला, म्हणजे निर्वात अतिनील भागात खोलवर आहे.

लोक मार्ग काढतात तो बेरियमचा. नमुन्यात बेरियम घालायचं, ज्योतीत बेरियम फ्लोराइडचा धन आयन बनतो, वस्तुमान १३८ अधिक १९ म्हणजे १५७, तो मोजायचा. पण बेरियमला पाण्याचे तुकडे चिकटूनही १५७ होतं, आणि तो गोंगाट खऱ्या संकेतापेक्षा कितीतरी मोठा असतो. म्हणून दोन क्वाड्रुपोलमध्ये प्रतिक्रिया कक्ष असलेलं, म्हणजे तिहेरी क्वाड्रुपोलचं यंत्र लागतं. कक्षात ऑक्सिजन सोडून गोंगाट कमी करतात, किंवा अमोनिया सोडून तीन अमोनिया रेणू जोडलेला आयन २०८ ला वाचतात. तुमच्या एकेरी क्वाड्रुपोलवर हे जमणार नाही, वेळ घालवू नका.

तिहेरी यंत्र मिळालंच तरी थेट प्लाझ्मा नको. १५७ ला गॅडोलिनियमचा समस्थानिक आहे. एमआरआयसाठी कॉन्ट्रास्ट घेतलेल्या माणसाच्या रक्तात तो भरपूर असतो. सल्फेट असेल तर बेरियम सल्फेटचा साका बसतो आणि नेब्युलायझर (नमुन्याचा फवारा करणारा भाग) बुजतो. विसरणातून आलेल्या थेंबात या दोन्ही अडचणी नाहीत. पण मग ७५ मायक्रोलिटरचे ५०० करावे लागतात, २० नॅनोग्रॅम तिथे ४० मायक्रोग्रॅम/लि. होतात, आणि या पद्धतीची शोधमर्यादा तिथेच कुठेतरी दहा-वीसच्या घरात घोटाळते. शिवाय बेरियमचा थर यंत्राच्या तोंडाशी असलेल्या कोनवर बसतो, त्या यंत्रावर पुढे ज्यांना बेरियम मोजायचं असेल ते आठवडाभर हैराण.

आणखी एक मर्यादा. फ्लोरिनला निसर्गात एकच स्थिर समस्थानिक आहे, त्यामुळे समस्थानिक विरलनाची सोय नाही. प्रत्येक नुकसान स्वतःच शोधावं लागतं.

---

ग्राफाइटनळी

तुमच्याकडे हाय-रिझोल्यूशन कंटिन्युअम सोर्स आहे, मग बाकी यंत्रांकडे का पाहताय? फ्लोरिनचा अणू नाही तर गॅलियम मोनोफ्लोराइडचा रेणू मोजा. २११.२४८ नॅनोमीटरला त्याची तीक्ष्ण शोषणरेषा आहे. शोधमर्यादा सुमारे ५ पिकोग्रॅमपर्यंत गाठलेली आहे. वर सांगितलेल्या थेंबातले १० मायक्रोलिटर सोडले, तर त्यात २.७ नॅनोग्रॅम, म्हणजे त्याच्या पाचशेपट फ्लोराइड असतं. तेव्हा थेंब दहापट विरळ करा. ७५ चे ७५० मायक्रोलिटर झाल्यावर तीन-चार वाचनं निवांत घेता येतात.

गॅलियम नायट्रेटच घ्या, क्लोराइड अजिबात नको. नमुना १० मायक्रोलिटर, वर गॅलियमचं १ ग्रॅम/लि. द्रावण १० मायक्रोलिटर. झिर्कोनियमचा कायमचा लेप दिलेला प्लॅटफॉर्म, सोबत पॅलेडियम. सोडियम ॲसिटेट या मापनात मदतच करतं आणि ते तुमच्या थेंबात आधीच आहे, ही सोय छान जुळून आली आहे. तरी स्टँडर्ड आणि नमुने दोन्हींत ते सारखंच असू द्या. वाळवणं सावकाश, १२० अंशांपर्यंत. पायरोलिसिस (नको ते घटक जाळून काढण्याचा टप्पा) ५५० अंश, त्याच्या वर गेलात की फ्लोराइड निसटतं. रेणू बनवण्याचा टप्पा १५५० अंश. मग २४०० च्या वर सफाई.

प्लाझ्मा थेट नळीत सोडायचा मोह होईल, कारण १० मायक्रोलिटरमध्ये २०० पिकोग्रॅम म्हणजे पुरेसं फ्लोराइड असतं. पण त्याच १० मायक्रोलिटरमध्ये क्लोराइड एक मायक्रोमोल, आणि तुम्ही घातलेलं गॅलियम जेमतेम ०.१४ मायक्रोमोल. सगळं गॅलियम क्लोराइडच्या वाट्याला जाईल आणि फ्लोराइडचं शिखर बसेल. विसरणातूनही थोडा हायड्रोजन क्लोराइड थेंबात येऊ शकतो. स्टँडर्ड आणि नमुन्याच्या उतारात फरक दिसला, तर डिशमध्ये थोडं सिल्व्हर सल्फेट घालून क्लोराइड तळातच बांधून ठेवा.

यंत्र फक्त शिखराचं क्षेत्रफळ देतं त्यावर समाधान मानू नका. दर नमुन्याला आजूबाजूच्या पिक्सेलचा वर्णपट उघडून पाहा. रेषा २११.२४८ लाच आहे ना, खाली दुसऱ्या रेणूची नक्षी नाही ना, हे डोळ्यांनी दिसतं. या यंत्राचा हाच सगळ्यात मोठा फायदा आहे, आणि बहुतेक जण तो वापरत नाहीत.

---

प्रयोगवही

सगळ्यांचे मनापासून आभार. फॉस्फेटचं द्रावण चालवून पाहिलं: फ्लोराइड शून्य असताना ०.६ दाखवलं. राखी नमुने बाद केले.

विसरण सुरू केलं आहे, वाचन गॅलियम पद्धतीने. दोन अडचणी आहेत. रिकाम्या डिशचं, म्हणजे फक्त पाण्याचं, वाचन ९ नॅनोग्रॅम येतं आणि डिशगणिक ६ ते १३ हलतं. दुसरं, पाण्यातले स्टँडर्ड ९८ टक्के वर येतात, पण प्लाझ्मात घातलेले २० नॅनोग्रॅम फक्त ७० टक्के परत मिळतात.

---

शून्यवाचन

आधी ब्लँक, म्हणजे रिकाम्या डिशचं वाचन. ९ पेक्षा ते ६ ते १३ हलणं जास्त वाईट आहे, कारण शोधमर्यादा ब्लँकच्या सरासरीवर नाही, विखुरण्यावर ठरते. दहा ब्लँकचं प्रमाण विचलन अर्धा नॅनोग्रॅम असेल तर मर्यादा दीड नॅनोग्रॅम, म्हणजे १ मि.लि. प्लाझ्मासाठी दीड मायक्रोग्रॅम/लि. तिथवर यायचं आहे.

उगम असा वेगळा काढा. अल्कली आणि ॲसिटिक ॲसिडचं मिश्रण डिशमध्ये न ठेवता थेट फर्नेसवर वाचा. तिथेच ३-४ नॅनोग्रॅम असेल तर दोष सोडियम हायड्रॉक्साइडचा. जास्त शुद्ध प्रतीचं घ्या. ते ठीक असेल तर दोष सल्फ्युरिक ॲसिडचा असण्याची शक्यता मोठी, आणि त्याला उपाय सोपा आहे: ३ मोलर ॲसिड सिलोक्सेनसोबत पॉलिप्रॉपिलीनच्या फनेलमध्ये जोरात हलवा, रात्रभर ठेवा, वर तरंगणारा सिलोक्सेनचा थर टाकून द्या, ताजा घाला, पुन्हा हलवा. आम्लातलं फ्लोराइड त्या थरासोबत निघून जातं. दोन-तीन फेऱ्यांत आम्ल स्वच्छही होतं आणि संपृक्तही. टाकलेला थर पुन्हा वापरू नका. आणि आम्ल घेताना पिपेटचं टोक खालच्या थरात बुडवा. वरच्या थराचा थेंब आला तर डिशमध्ये सिलोक्सेनचं तळं होतं आणि वाचन उड्या मारतं.

डिशगणिक हलणारा भाग बहुधा हाताळणीचा. पेट्री डिश आदल्या दिवशी धुवून झाकून वाळवा. हायड्रोफ्लोरिक ॲसिड जिथे वापरतात, त्या हूडखाली हे काम अजिबात करू नका. हेपॅरिन ट्यूबच्या प्रत्येक लॉटमधली एक ट्यूब पाण्याने भरून तिचंही विसरण करा.

आता ७० टक्के. पाण्यात ९८ आणि प्लाझ्मात ७०, म्हणजे गळती सरसकट नाही, काहीतरी प्लाझ्माशी निगडित आहे. दोन संशयित आहेत. एक, आम्ल पडताच प्रथिनं गोठतात आणि पृष्ठभागावर साय धरते. तिच्याखालून वायू सावकाश निघतो. दोन, प्लाझ्मातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड सुटतो. १ मि.लि. मध्ये साधारण २४ मायक्रोमोल, तुमच्या थेंबांतली सगळी अल्कली २.५ मायक्रोमोल. हा वायू थेंबाची अल्कली मारतो, शिवाय आतून दाब देऊन व्हॅसलीनला बारीक फट पाडतो.

कोणता ते असं ओळखा. तीच प्लाझ्मा डिश एक सोळा तास, एक चोवीस, एक चाळीस तास ठेवा. वेळेनुसार परतावा चढत गेला तर साय. ७० वरच अडकला तर फट किंवा मेलेली अल्कली. जोडीला पाण्यातल्या एका स्टँडर्डमध्ये २५ मायक्रोमोल सोडियम बायकार्बोनेट घाला. तेही ७० वर आलं तर शंकाच उरत नाही.

साय असेल तर पाणी २ ऐवजी ३ मि.लि. घ्या आणि आम्ल पडल्या पडल्या डिश हाताने हळूच फिरवा. वायू असेल तर अल्कली ०.१ मोलर करा आणि ॲसिटिक ॲसिडही दुप्पट, म्हणजे पीएच तिथेच राहतो. मात्र स्टँडर्डलाही तेच प्रमाण. आम्ल घातल्यावर थेंबात बुडबुडे दिसले तर पिपेटमध्ये ओढण्याआधी ते निघू द्या, नाहीतर ७५ मायक्रोलिटर हे ७५ राहत नाहीत.

---

विषचिकित्सक

जीसी-एमएस (वायू वेगळे करून वस्तुमानाने ओळखणारं यंत्र) ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. तोच ट्रायमिथाइलफ्लोरोसिलेन वायू हेडस्पेसमधून, म्हणजे द्रवावरच्या हवेतून, थेट मोजता येतो. बंद व्हायलमध्ये आम्ल केलेला प्लाझ्मा, ट्रायमिथाइलक्लोरोसिलेन, आणि वस्तुमान ७७ चा तुकडा. उत्कलनबिंदू १६ अंश असल्याने सुरुवातीचं ओव्हन तापमान कमी आणि स्तंभाचा थर जाड हवा. टोल्युइन जवळपास कुठेही नको, रेणूवस्तुमान दोघांचंही ९२ आहे. ७७ हाही बेंझिन कड्याचा नेहमीचा तुकडा आहे, त्यामुळे शिखर वेळेवरूनच ओळखा.

पण मला वेगळाच मुद्दा मांडायचा आहे, तो पद्धत ठरवण्याआधीचा. तुम्हाला फ्लोराइड आयन हवा आहे की एकूण फ्लोरिन? रक्तात कार्बनशी घट्ट बांधलेला फ्लोरिनही असतो. टेव्ह्ज यांनी १९६८ साली सीरममध्ये फ्लोरिनची दोन रूपं असल्याचं दाखवलं. नमुना जाळून राख केली की दोन्ही एकत्र येतात. जुन्या लिखाणात सीरम फ्लोराइडचे आकडे बरेच मोठे दिसतात, त्यामागचं एक कारण हेच. विसरणात मिळतो तो फक्त आयन आणि आम्लात सहज सुटणारा भाग. हाडांवरच्या परिणामाच्या अभ्यासाला तोच लागतो. पण मग अहवालात ‘रक्तातला फ्लोरिन’ असं लिहू नका, ‘प्लाझ्मातलं आयनी फ्लोराइड’ लिहा.

औषधांची यादीही नमुन्यासोबत मागवा. व्होरिकोनाझोल दीर्घकाळ घेणाऱ्यांत प्लाझ्मा फ्लोराइड खरंच वाढतं आणि हाडं दुखतात. सेव्होफ्ल्युरेनची भूल दिल्यावर काही तास ते वाढलेलं असतं. हे आकडे चूक नसतात, पण ते पिण्याच्या पाण्याच्या खात्यावर मांडले तर निष्कर्ष चुकतो.

---

ग्राफाइटनळी

पाण्याचा विषय निघाला म्हणून एक ढोबळ पडताळा. बराच काळ एकाच पाण्यावर असलेल्या निरोगी प्रौढांत, उपाशीपोटी, पाण्यातलं फ्लोराइड मि.ग्रॅ./लि. मध्ये जितकं असेल जवळपास तितकंच प्लाझ्मात मायक्रोमोल/लि. मध्ये असतं. १ मायक्रोमोल म्हणजे १९ मायक्रोग्रॅम. तुमच्या नमुन्यांचं पाणी १ मि.ग्रॅ./लि. चं असेल आणि गटाची सरासरी ६० मायक्रोग्रॅम/लि. आली, तर अहवाल लिहिण्याआधी ब्लँक पुन्हा पाहा. एकेका माणसाला हा नियम लावू नका, मूत्रपिंडाच्या विकारात तर नाहीच.

आणि दर दहा डिशमागे एक थेंब इलेक्ट्रोडनेही वाचा. तुमचा इलेक्ट्रोड प्लाझ्मात अडला कारण प्रथिनं स्फटिकावर बसतात आणि पातळी त्याच्या तळमर्यादेला, म्हणजे १ मायक्रोमोलच्या घरात होती. एकत्र केलेल्या थेंबात तीच १३ मायक्रोमोलच्या पुढे असते आणि द्रावण स्वच्छ असतं. इलेक्ट्रोड उलटा धरून स्फटिकावर थेंब ठेवा, संदर्भ इलेक्ट्रोडचं टोक वरून टेकवा, पाच मिनिटांत वाचन बसतं. दशकामागे (संहती दहापट होताना) उतार ५४ ते ६० मिलिव्होल्ट मिळाला पाहिजे. विरळ करण्याआधीच हे वाचन घ्या. मग तोच थेंब दहापट करून फर्नेसला द्या, म्हणजे एकाच थेंबाचे दोन स्वतंत्र आकडे हाती येतील. ते दहा टक्क्यांच्या आत जुळत नसतील तर त्या रात्रीच्या डिश पुन्हा लावा, दीड मि.लि. पैकी उरलेला अर्धा मि.लि. त्यासाठीच राखून ठेवा, गॅलियम पद्धतीला तो पुरतो.